राहेलची परीक्षा

राहेलने टेबलावर थाडकन हात आपटला, तेव्हा कुठे मी मान वर केली. ती आणि तिची आई माझ्यासमोर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. दार उघडंच होतं. सकाळचे दहा वाजून गेले असतील. माझ्यापुढे रविवारच्या उपदेशाचा कागद होता आणि त्यावर तारखेखेरीज काही लिहिलेलं नव्हतं.

"आगं, राहेल!" सगुणाबाईंनी लेकीचा दंड धरून तिला मागे ओढलं. "माफ करा, पाळकसायेब. तुम्ही वर बघंनाच, म्हनून..."

"बसा," मी म्हणालो.

सगुणाबाई बसल्या. राहेल बसली नाही. ती चोवीस वर्षांची होती, अंगाने काटक, डोळे सतत माणसांच्या चेहऱ्यावर. जन्मतः ऐकू येत नसल्यामुळे तिला बोलताही येत नव्हतं. सोनवडीतले लोक तिला मुकी राहेल म्हणत, आणि आपली पोलकी-परकर तिच्याकडेच शिवायला टाकत. तिने आधी माझ्याकडे बोट केलं. मग हवेतली एक भाकर मोडली, हवेतल्या प्याल्यातून घोट घेतला आणि आपल्या छातीवर तीनदा हात मारला.

"ती म्हनती, मला बी पायजे," सगुणाबाई म्हणाल्या. "भाकर आन् प्याला. ह्या ईस्टरला."

आमच्या मंडळीत मुलांचा बाप्तिस्मा लहानपणी होतो. चौदा-पंधरा वर्षांची झाली की ती मंडळीच्या पंचांसमोर परीक्षा देतात, आणि मगच त्यांना प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि प्याला, मिळतं. तोवर त्यांनी मागच्या बाकावर बसायचं. राहेलच्या बरोबरीच्या मुलींची लेकरं आता त्या बाकावर बसायला लागली होती आणि राहेल अजून त्यांच्यातच बसत होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट तिच्यापर्यंत यायचं आणि माघारी फिरायचं.

"धा वर्सं झाली," सगुणाबाई म्हणाल्या. "आधीच्या पाळकसायबांना इचारलं, ते म्हनले बघू. त्यांच्या आधीचे बी म्हनले बघू."

तिसरं नाव त्यांनी घेतलं नाही. मी सोनवडीत येऊन तीन वर्षं झाली होती आणि 'बघू' मीही म्हटलं होतं.

"परीक्षा द्यावी लागेल," मी म्हणालो. "पंचांसमोर. नियम आहे तसा."

सगुणाबाईंनी हातांनी ते लेकीला सांगितलं. राहेलने मान हलवली, जणू एवढंच ना, त्यात काय. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे स्वयंपाकघरात गेली. तिथे तीन दिवसांची भांडी मोरीत पडली होती आणि उतू गेलेलं दूध स्टोव्हवर वाळून काळं झालं होतं. तिने ते सगळं सावकाश पाहिलं. मग आपल्या डाव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि आईला काहीतरी विचारलं.

सगुणाबाईंनी तिचा हात खाली दाबला. "काई न्हाई, सायेब. येतो आम्ही. सलाम."

ती खूण मला कळली होती. माझी बायको सुगंधा कुठल्याही कामाला हात घालण्याआधी बांगड्या अशाच कोपरापर्यंत सारायची. राहेलच्या बोलीत तेच सुगंधाचं नाव होतं. सुगंधाला जाऊन पाच महिने झाले होते. ऑक्टोबरात काविळीचं निमित्त झालं आणि अकरा दिवसांत ती गेली. ती खूण मला कळली, आणि मी पुन्हा कागदावरच्या तारखेकडे बघत बसलो.

त्या पाच महिन्यांत माझ्या हातून एक उपासना चुकली नव्हती. दोन मयती केल्या, चार लेकरांना बाप्तिस्मा दिला, नाताळ पार पाडला. पाळकसाहेब किती खंबीर आहेत, असं लोक बोलत. मी खंबीर वगैरे काही नव्हतो. माघातल्या नदीत बराच वेळ उभं राहिलं की पाय आपले वाटेनासे होतात. खाली बघितलं तर दिसतात, पण चिमटा काढला तरी कळत नाही. तसं झालं होतं. एवढंच की माझ्या बाबतीत पाणी गळ्यापर्यंत होतं.

*

परीक्षा शनिवारी दुपारी देवळात घेतली. तीन पंचांपैकी दोघे लग्नाला गेले होते, म्हणून अमोलिक गुरुजी आणि मी असे दोघेच होतो. गुरुजी गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे. मंडळीची नोंदवही तीस वर्षं त्यांच्याच वळणदार अक्षरात होती. मुळात माणूस वाईट नव्हता. सुगंधा आजारी होती तेव्हा ह्याच गुरुजींनी रोज सायकल मारत जाऊन सहा कोसांवरून तिच्यासाठी उसाचा ताजा रस आणला होता. पण नियम म्हटला की त्यांचं सगळं अंग ताठ व्हायचं.

"प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव," गुरुजींनी सुरुवात केली.

"गुरुजी, तिला बोलता येत न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्हाला ठाव हाये."

"मग लिहून दाखवू दे."

"साळंत कुठं गेली ती? मी आनली हुती तिला साळंत. तुम्हीच म्हनले, हिला हितं ठिवून उपेग न्हाई."

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. पुसून झाल्यावरही थोडा वेळ हातातच धरला.

"बरं," ते म्हणाले. "प्रार्थना करते का ती?"

"रोज करती."

"कशी करते? करून दाखवायला सांगा. आम्हाला तेवढं पुरे."

सगुणाबाईंनी लेकीला खुणा केल्या. राहेलने गुरुजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिचे हात भराभर चालले.

"काय म्हणते?" गुरुजींनी विचारलं.

"काई न्हाई."

"सगुणाबाई, ही परीक्षा आहे. ती जे म्हणते ते जसंच्या तसं सांगा."

सगुणाबाईंनी पदर सारखा केला, मान खाली घातली. "ती म्हनती, गुरुजी घरी बायकूसंगं जे बोलत्यात, ते आधी हितं चौघांत बोलून दाखवा. मंग मी दाखवते."

वर पंखा कुरकुरत होता. सुगंधा तिथे असती तर तोंडात पदर कोंबूनही तिला हसू आवरलं नसतं. मी पंख्याकडे बघत राहिलो. एका पात्याला गंज चढला होता.

गुरुजींचे कान लाल झाले. "हा उद्धटपणा झाला. तोही देवाच्या घरात." त्यांनी नोंदवहीतला कागद पुढे ओढला आणि त्यावर एकेक अक्षर कोरून लिहिलं: उमेदवाराची तयारी अपुरी. पुढील वर्षी विचार व्हावा. मग कागद माझ्याकडे फिरवला. "पाळकसाहेब, तुमचं काय मत?"

मला मत नव्हतं. तिला प्रभुभोजन द्यावं असंही वाटत नव्हतं, देऊ नये असंही वाटत नव्हतं. कागद समोर होता, पेन हातात होतं. सही न करायला काहीतरी म्हणावं लागलं असतं आणि सही करायला काहीच म्हणावं लागणार नव्हतं. मी सही केली. राहेल कागदाकडे बघत नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मी पेन उचलेपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग ती आईची वाट न बघता बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रविवारी सगुणाबाई एकट्याच आल्या. मागच्या बाकावर मुलांच्या ओळीत एक जागा मोकळी राहिली होती. मला ती दिसली. त्यापलीकडे काही झालं नाही.

*

बुधवारी माझ्या लक्षात आलं की उपासनेच्या पांढऱ्या झग्याची खालची शिवण हातभर उसवली आहे. ईस्टर अकरा दिवसांवर आलेला. असली कामं सुगंधा बघायची. गावात शिवणारी एकच. मी झगा घडी करून काखेत मारला आणि राहेलकडे निघालो.

जिच्या कागदावर चार दिवसांपूर्वी सही केली, तिच्याच दारात मी शिवणकाम घेऊन चाललोय, याची मला जराही लाज वाटली नाही. लाज वाटायला आधी आठवावं लागतं. माझ्या डोक्यात फक्त उसवलेली शिवण होती.

मिशनच्या दवाखान्यामागे त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. भर दुपारची वेळ होती. सगुणाबाई खुरपायला गेल्या होत्या. दार सताड उघडं, आतून मशीनचा आवाज. मी उंबऱ्याशी उभा राहून "राहेल!" अशी हाक मारली आणि मग माझं मलाच आठवलं. ती दाराकडे अर्धवट पाठ करून बसली होती. तिला मी दिसत नव्हतो, पण मला तिच्या चेहऱ्याची एक बाजू आणि दोन्ही हात दिसत होते.

तेवढ्यात मशीन थांबलं. दोरा तुटला असावा. तिने सुईशी खटपट केली, मग ती सोडून दिली आणि नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने तिने आपला उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला, दोनदा, हलकेच. आणि ती बोलायला लागली.

हातांनीच. पण आईशी बोलताना हात जसे चालत तसे नाही. आईशी ती भराभर आणि तुटक बोलायची. हे अघळपघळ चाललं होतं, पुष्कळ दिवसांच्या ओळखीतलं. ती वर बघत नव्हती, डोळेही मिटले नव्हते. समोर शिवायला आलेल्या कपड्यांचा ढीग होता, त्याच्या पलीकडे कुणीतरी मांडी घालून बसलं असावं तशी तिची नजर तिथे होती. तिने बोट दाखवलं, मशीनवर चापट मारली, तुटलेला दोरा उचलून दाखवला. मग दोन्ही हातांची वेटोळी करून डोळ्यांना लावली. गुरुजींचा चष्मा. पाठ ताठ केली, मान मागे टाकली, हवेत कोरून कोरून अक्षरं लिहिली. मग गळ्याभोवती बोट फिरवलं. ती पाळकाची पट्टी, म्हणजे मी. तिने दोन्ही हातांनी आपले गाल खाली ओढले, डोळ्यांतला सगळा उजेड घालवला, आणि त्या चेहऱ्याने एक सही केली.

माझं तोंड असं दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग ती चिडली. छातीवर मूठ मारली, मागच्या बाकाची खूण केली, दहा बोटं दाखवली, समोरच्यावर बोट रोखलं. तुझ्यामुळे, असं म्हणत असावी, किंवा तू काय करत होतास. आणि मग थांबली. थांबून बघत राहिली, समोरचा उत्तर देत असताना आपण बघतो तशी. मध्येच मान हलवून तिने त्याचं म्हणणं खोडून काढलं. पुन्हा थांबली. एकदम नाकातून हसली आणि हात झटकला. त्याने तिला हसवलं होतं.

त्यानंतर तिचा चेहरा बदलला. तिने बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. तळहातावर गाल टेकून डोळे मिटले. डोळे उघडून पुन्हा गळ्याभोवती बोट फिरवलं. मग दोन्ही हातांची ओंजळ केली, तीत काहीतरी काठोकाठ भरलंय आणि सांडेल अशा बेताने ती ओंजळ समोर धरली, आणि तशीच बसून राहिली. बराच वेळ. हात थरथरायला लागले तरी खाली घेतले नाहीत.

त्या ओंजळीत कोण होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी तिने हात खाली घेतले आणि दोऱ्याचं रीळ घ्यायला वळली. तेव्हा तिला मी दिसलो.

ती ताडकन उठली. स्टूल मागे पडलं. तिचे हात इतक्या वेगाने चालले की मला एकही खूण समजेना, फक्त राग समजला. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन सगुणाबाई आल्या. भारा दारातच टाकून त्या आत आल्या.

"पाळकसायेब? काय झालं?"

राहेलने त्यांच्याकडे वळून विचारलं.

"ती इचारती, कवाधरनं हुबे हाये तुम्ही?"

"आत्ताच आलो."

राहेलने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. सगुणाबाईंना शरमल्यासारखं झालं. "खोटं बोलत्यात, म्हनती."

"बराच वेळ झाला," मी म्हणालो. मग मी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. "हे काय आहे, सगुणाबाई?"

"ते व्हय?" त्या म्हणाल्या. "ते त्याचं नाव. देवाचं." त्यांनी पदराने घाम पुसला. "तिला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो ना. सा वर्साची हुती तवा. मी वावरात काम करीत हुते, ही बांधावर खेळत हुती एकटीच. आन् एकदम वळून बघायला लागली, कुनी खांद्याला हात लावल्यावानी. बघती आन् हसती. मागं कोनी न्हाई. मी खुनेनं इचारलं, कोन हाये? तर तिनं हे केलं. मी तिला देवाचं काई शिकवलं न्हवतं तवर. मला तरी कुठं येत हुतं? तवापासून त्येच नाव."

राहेलने मशीनवर थाप मारली. आमचं दोघांचं बोलणं तिला नको होतं. तिला माझ्याशी बोलायचं होतं. तिने विचारलं, आणि सगुणाबाई अडखळत म्हणाल्या, "ती इचारती, तुम्ही त्याच्यासंगं काय बोलता?"

"मी प्रार्थना करतो की. दर रविवारी. बघते ना ती."

हात चालले. "ती म्हनती, ते न्हाई. ते तुम्ही मंडळीला सांगता. घरी. एकटं असताना."

सुगंधा होती तेव्हा आम्ही जेवण झालं की स्वयंपाकघरातच चटईवर बसायचो. बोलायची तीच. "हे बघ," अशी सुरुवात करायची, शेजारणीला सांगावं तशी. मग दिवसभराचं सगळं. मंडळीत कोण रुसलं, तांदळात खडे किती निघाले, माझा उपदेश कसा लांबला. मी शेवटी आमेन म्हणायचो. ती आजारी पडली त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा मी बोललो, आणि एकच गोष्ट मागितली. त्यानंतर माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी रागावलो नव्हतो. देव नाही, असंही कधी मनात आलं नाही. एका घरात राहून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं असतात. आमचं तसं झालं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "ऑक्टोबरपासून काही नाही. एक शब्दही नाही."

हे मी बिशपांना सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. सगुणाबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांनी लेकीला खूण केली नाही. गरजही नव्हती. राहेलने ते माझ्या ओठांवर वाचलं होतं.

ती जवळ आली. मला वाटलं, आता ती माझा हात हातात घेईल, आपले डोळे पुसेल. पाच महिने लोक तेच करत होते. तिने तसलं काही केलं नाही. माझ्यासमोर उभी राहून तिने हातांनी सावकाश सांगितलं, मला कळेल इतकं सावकाश. आणि मला कळलंही. तरी सगुणाबाईंनी खालच्या आवाजात ते म्हटलं.

"ती म्हनती, बोलनं तर तुमचं बंद हाये. आन् सही केली ती मला बोलता येत न्हाई म्हनून."

मग तिने माझ्या काखेतला झगा ओढून घेतला, उसवलेली शिवण बोटांनी चाचपली, झगा ढिगावर टाकला आणि बाहेर बोट दाखवलं. उद्या या.

*

मी तसाच गुरुजींकडे गेलो. ते ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसले होते. आतून त्यांच्या बायकोच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"गुरुजी, राहेलच्या कागदावरची सही मी मागे घेतो."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "का? तिने पुन्हा परीक्षा दिली?"

"तिने शनिवारीच उत्तर दिलं होतं. आपल्याला कळलं नाही."

"पाळकसाहेब, तुम्हाला तिची दया येते. मलाही येते. पण नियम कुणासाठी असतो? प्रार्थना म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला आपण—"

"तसं असेल तर ह्या ईस्टरला मलाही देऊ नका," मी म्हणालो. "मी पाच महिन्यांत प्रार्थना केलेली नाही. मंडळीपुढे म्हणतो ते सोडून."

गुरुजी चकित होतील असं मला वाटलं होतं. ते सुपातल्या तांदळावर बोट फिरवत राहिले.

"मला ठाऊक आहे," शेवटी ते म्हणाले. "सुगंधाबाई गेल्यापासून तुमच्या प्रार्थनेत एकही चूक होत नाही. पूर्वी तुम्ही अडखळायचात, शब्द शोधायचात. मुख्याध्यापक होतो मी. पाठ केलेलं मला ऐकू येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शाळेतून मी त्या पोरीला परत पाठवलं, तेव्हाही ती अशीच माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यावर तरी मी कुणाशी काय बोललो?"

आत पुन्हा खोकला झाला. "अहो, पाणी देता का जरा?" असा आवाज आला. गुरुजी गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

"नियम मोडला म्हणून मी नोंदवहीत माझी हरकत लिहीन," जाता जाता ते म्हणाले. "पण आडवा येणार नाही."

*

ईस्टरच्या दिवशी दिवस उगवायच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात चटई टाकून बसलो. बाहेर देवळाच्या आवारात बाया रांगोळी घालत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी डोळे मिटले आणि तोंडातून आपोआप मंडळीतली वाक्यं बाहेर पडायला लागली, दयाळू आणि सर्वसमर्थ आणि काय काय. मी थांबलो. डोळे उघडले. समोर भिंत होती, तिला टेकून धान्याचे डबे. मी डब्यांच्या अलीकडे बघितलं.

"हे बघ," मी म्हणालो. आवाज घोगरा आला.

"मला काही वाटत नाही," मी म्हणालो. "सुगंधा गेली आणि मला काही वाटत नाही. तुझ्याविषयीही काही वाटत नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती तू दिली नाहीस, आणि त्याचाही राग येत नाही. एवढंच सांगायचं होतं."

उत्तर आलं नाही. खांद्यावर कुणी हात ठेवला असंही मी म्हणणार नाही. पण लगेच उठावंसं वाटलं नाही. पोटातलं सांगून झाल्यावर आपण त्या माणसाजवळ जरा वेळ उगीच बसतो, तसा मी घंटा होईपर्यंत तिथे बसलो.

उपासनेला राहेल पहिल्या बाकावर बसली होती, आईशेजारी. नवं आकाशी पातळ नेसलेली. मंडळीत कुजबूज होती. गुरुजी ताट घेऊन माझ्या बाजूला उभे होते, चेहरा करारी. मी ओळीने भाकर देत राहेलपाशी आलो. प्रत्येकाला म्हणायचे ते पाठ शब्द तिच्यापुढे मला म्हणवेनात, म्हणून मी न बोलता तुकडा तिच्यापुढे धरला. तिने लगेच घेतला नाही. आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, परीक्षेच्या दिवशी बघितलं होतं तसंच, नजर न हलवता. काय दिसलं तिला, मला माहीत नाही. मग तिने दोन्ही हात पुढे केले, भाकर घेतली आणि खाल्ली. दहा वर्षं थांबलेलं माणूस खाईल तशी नाही, घाईने नाही. घरी जेवायला बसल्यासारखी. सगुणाबाई रडत होत्या. राहेलने त्यांना कोपराने ढोसलं आणि त्यांच्या हातातला तुकडा दाखवला, की खा आधी.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. मी निवृत्त झालो, गुरुजी कधीच गेले. राहेल अजून सोनवडीतच शिवते आणि पहिल्याच बाकावर बसते. माझ्या बाबतीत सांगायचं तर त्या ईस्टरनंतर मी रोज सकाळी त्या चटईवर बसत गेलो, आणि रोज तेच सांगत गेलो, की आजही काही वाटत नाही. रडू फुटायला पुढचा डिसेंबर उजाडला. पण त्या रविवारी तसलं काही घडलं नाही, आणि घडलं असं मी कुणाला कधी सांगितलंही नाही.

आमच्याकडे सगळ्यांना देऊन झालं की शेवटी सगळ्यांत ज्येष्ठ पंच पाळकाला भाकर देतात. गुरुजींनी ताट माझ्यापुढे धरलं आणि क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं. घेणार का, असं विचारत होते. मी हात पुढे केला. भाकर तोंडात घातली, चावली, गिळली. मला काही वाटलं नाही. पण ते त्याला सकाळीच सांगून झालं होतं.